अण्णांचं सुतक आणि रविवारचा साखरपुडा

॥ श्री बनशंकरी प्रसन्न ॥

चामराजपेट, बेंगळुरू
गुरुवार, दुपार

राजमान्य राजेश्री श्रीधरराव यांसी, मुक्काम निपाणी,

सुनीलकुमारचा दोन्ही हात जोडून नमस्कार. सौ. वहिनींनाही सांगावा. तुमचा उजवा गुडघा आता कसा आहे? मागच्या भेटीत जिना उतरताना तुम्ही कठड्याला धरून जो चेहरा केलात, तो अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. तेल चोळता का? की नुसतं डॉक्टरांना नावं ठेवता? तुम्ही पाठवलेला गूळ पोचला. सौ. महानंदा म्हणाली, असा गूळ बेंगळुरात मिळत नाही. (ती हे कुठल्याही गावाहून आलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल म्हणते, पण गूळ खरंच चांगला आहे.) आईचा तुम्हा उभयतांना आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे कालपासून बरे आहोत. त्याआधीचे तीन दिवस बरे नव्हतो.

हे फोनवर सांगता आलं असतं असं तुम्ही म्हणाल. आलं नसतं. तुमचा आवाज ऐकला की माझं 'हो हो, बरं बरं, तसंच करू' एवढंच चालतं आणि फोन ठेवल्यावर महानंदा विचारते, काय ठरलं? तेव्हा मला काही सांगता येत नाही. (अशाच एका 'बरं बरं'मध्ये मी तुमच्याकडचे ऐंशी पाहुणे कबूल करून बसलोय, हॉल साठांचा आहे.) म्हणून हे पत्र. आमचा मावसभाऊ परसू आज संध्याकाळच्या बसने कोल्हापूरला निघालाय, तो वाटेत निपाणीला उतरून तुमच्या हातात देईल. येत्या रविवारी बनशंकरीच्या हॉलमध्ये आपल्या प्राणेशचा आणि तुमच्या रंजिताचा साखरपुडा आहे, आणि तो होणार की मोडणार हे काल दुपारी चार वाजेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. घाबरू नका, खुर्चीत बसा. होणार आहे. पण तो कशाने अडला आणि कशाने सुटला हे तुम्हाला कळलंच पाहिजे, कारण अडलाही तुमच्यामुळे आणि सुटलाही तुमच्यामुळे.

तुम्ही टीव्हीवर बातम्या आणि कुस्ती यांपलीकडे काही बघत नाही, तेव्हा मुळापासून सांगतो. 'तिसरा मजला' नावाची एक मालिका आहे. माणसं खरी नाहीत, चित्रांची आहेत. कार्टून म्हटलं की तुम्ही लगेच पोराटोरांचा खेळ म्हणून हात झटकाल, पण आमच्या आईपुढे तसं म्हणू नका. गेली बावीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी सात वाजता ती मालिका लागते, कन्नडात, मराठीत आणि आणखी कशाकशात, आणि गेली बावीस वर्षं दर रविवारी संध्याकाळी पावणेसातला आई तोंड धुऊन, वेणी घालून, चष्मा पुसून टीव्हीपुढे बसते. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. लिफ्ट कायमची बंद. घरात म्हातारे अण्णा, त्यांचा मुलगा सुरज, सून, आणि दोन वर्षांची एक नात. या मंडळींचं वय वाढत नाही. ती नात बावीस वर्षं दोन वर्षांचीच आहे, आमचा प्राणेश तिच्याहून फक्त पाच वर्षांनी मोठा होता, तो आता बोहल्यावर चढायला निघाला. अण्णांचं वय एकाहत्तर. मालिका सुरू झाली तेव्हा आई एकसष्टची होती, म्हणून तिने त्यांना अण्णा म्हणायला सुरुवात केली. आज ती त्र्याऐंशीची आहे, अण्णा तिच्याहून बारा वर्षांनी लहान आहेत, पण एकदा अण्णा म्हटलं की म्हटलं, असं तिचं म्हणणं. जिना चढून ते धापा टाकत दारात आले की आई इकडे आपल्या तांब्यातलं पाणी पिते.

तर गेल्या रविवारचा भाग. श्रीधरराव, मी बटणं, लेस आणि चेन विकणारा माणूस, मला कलेतलं काय कळतं? पण जे डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त होते. सगळी बिल्डिंग खुळ्यासारखी वर-खाली करते. फक्त अण्णा म्हणतात, मला जिना बरा. मग दुपार. सगळे झोपलेत. अण्णा उठतात, नातीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करतात, गॅसचं बटण बघतात, नळ घट्ट करतात. त्यांचा एक करडा स्वेटर आहे, त्याचं वरून तिसरं बटण पहिल्या भागापासून एका दोऱ्यावर लोंबतंय. (माझ्या धंद्यामुळे मला दुसरं काही दिसत नाही. बावीस वर्षं माझे हात शिवशिवतायत.) त्या दिवशी ते बटण शिवलेलं होतं, काळ्या दोऱ्याने, जरा वाकडं, जसं पुरुषमाणूस शिवतो तसं. ते मी पाहिलं आणि मनात म्हटलं, हा माणूस निघाला. अण्णा खाली उतरतात, आणि पहिल्यांदाच लिफ्टपाशी येतात. दार उघडतं. आत पांढरा उजेड. अण्णा थांबतात, खाली बघतात, आणि पायांतल्या चपला काढून बाहेर नीट जोडीने ठेवतात. मग आत जातात. दार बंद. वरचे आकडे लागतात, एक, दोन, तीन. ती बिल्डिंगच तीन मजल्यांची. मग चार लागतो. मग पाच. मग सहा. संगीत नाही, रडारड नाही, खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्टी देतोय. संध्याकाळी सुरज कामावरून येतो, लिफ्टबाहेर चपला बघतो, उचलतो, आपल्या रुमालाने पुसतो, आणि त्या हातात धरून लिफ्टचं बटण दाबत उभा राहतो. भाग संपला. मी असं काही टीव्हीवर पाहिलेलं नाही. महानंदा पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली. मी डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगितलं.

आई मात्र रडली नाही. ती उठली, टीव्ही बंद केला, त्यावर धुतलेला टॉवेल घातला आणि म्हणाली, आजपासून आपल्याला सुतक. आधी मला ती थट्टा वाटली. देवघरातला दिवा तिने स्वतः लावला नाही तेव्हा कळलं, थट्टा नव्हे. दहा दिवस. मी बोटं मोजली. साखरपुडा आठव्या दिवशी. म्हटलं, आई, अगं ते चित्र आहे. तर म्हणाली, बावीस वर्षं दर रविवारी आपल्या घरी येणारा दुसरा एक माणूस दाखव. माझा सख्खा चुलतभाऊ इंदिरानगरला राहतो, तो बावीस वर्षांत दोनदा आलाय, एकदा जुनी शिलाई मशीन मागायला आणि एकदा ती मोडली हे सांगायला.

सोमवारी घरात फोडणी बंद. साखरपुड्याच्या लाडवांसाठी भाजलेला रवा परातीत तसाच पडून. मी बिनफोडणीचं वरण ओरपून दुकानात गेलो, तर मागे शेजारच्या शालनअक्कांना आमच्याकडून फोडणीचा वास आला नाही म्हणून त्यांनी खिडकीतूनच विचारलं, कोण गेलं? आईने सांगितलं, अण्णा, तिसरा मजला. मी घरी नव्हतो, पण महानंदा सांगते की शालनअक्कांनी 'कुठले अण्णा' असं विचारलंसुद्धा नाही. त्या आत आल्या, आईशेजारी बसल्या आणि डोळे पुसू लागल्या. त्या कन्नडातून बघतात, एवढाच फरक. दुपारी त्यांनी रीतीप्रमाणे पिठलं-भात करून पाठवला, कडू घास म्हणून. गल्लीत बातमी पसरली. संध्याकाळी दुकानात चार शिंपी मला भेटायला आले आणि खांद्यावर हात ठेवून गेले. एकाने विचारलं, वय काय होतं? मी एकाहत्तर म्हणून सांगितलं. चूक झाली, पण त्या वेळी दुसरं काय सांगणार?

मी देवव्रतशास्त्रींना गाठलं. आमचे जुने गुरुजी गेल्यापासून तेच येतात, वय लहान पण अभ्यास पक्का. फोन स्पीकरवर ठेवून आईपुढे धरला आणि मनात म्हटलं, आता हे शास्त्रातलं वचन काढून हिला गप्प करतील. शास्त्रीबोवांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि पहिला प्रश्न केला, आकडा सहाच्या पुढे गेला होता का? म्हणजे तेही बघत होते. आगीतून फुफाट्यात. पण नंतर ते माझ्या बाजूचं एक वाक्य बोलले. आईला म्हणाले, पुष्पावतीअक्का, देह दिसलेला नाही. माणूस नाहीसा झाला, गेल्याची खात्री नाही, तर बारा वर्षं वाट बघायची आणि मगच पुढचं. मी आनंदाने जवळजवळ फोन पाडला. बारा वर्षांनी प्राणेशची मुलं शाळेत असतील, तेव्हा खुशाल सुतक धरा. आई शांतपणे म्हणाली, शास्त्रीबोवा, पळून जाणारा माणूस चपला घालून जातो. तो काढून गेलाय. त्यावर ते म्हणाले, सरी अक्का, तेही बरोबर आहे. चित्र काढणाऱ्यालाच विचारलं पाहिजे, म्हणजे ज्यांनी हा भाग केला त्यांना, की तुमच्या मनात काय होतं. ते गेलेत म्हणाले तर दहा दिवस, नाही म्हणाले तर बारा वर्षं.

मंगळवारी सकाळी मी प्राणेशला म्हटलं, ही मालिका कुठे बनते ते तुझ्या त्या मोबाइलमध्ये बघ, मी स्वतः जाऊन हातापाया पडतो. त्याचा चेहरा उतरला. इंदिरानगरला, म्हणाला. मग म्हणाला, पप्पा, बसा. मग म्हणाला, रंजिता तिथेच काम करते. मग खिडकीकडे बघत म्हणाला, हा भाग तिनेच लिहिलाय आणि लिफ्टची चित्रंही तिचीच.

आता श्रीधरराव, तुम्ही मला सांगा. तुम्ही दिलेल्या बायोडेटात काय होतं? 'कॉम्प्युटर कंपनीत, इंदिरानगर.' निपाणीला बघायच्या कार्यक्रमात आईने तिला विचारलं होतं, बाई, तिथे तू नक्की काय करतेस? आणि ती स्पष्ट म्हणाली होती, चित्रं काढते आणि हलवते. तेवढ्यात तुम्ही 'कॉम्प्युटरचंच हो, ग्राफिकचं काम' म्हणत चिवड्याची बशी मध्ये सारलीत आणि बोलणं चिवड्यातल्या खोबऱ्यावर गेलं. मला खरं सांगायचं तर राग आला. थोडाथोडका नाही. मुलीच्या बापाने लपवलं, माझ्या मुलाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तरी त्याने लपवलं, आणि मी बटणं मोजत बसलोय. वर ज्या माणसाचं आमच्या घरात सुतक, त्याला मारणारी बाई येत्या रविवारी आमच्या घरची होणार. आईला हे कळलं तर ती काय करील या विचारात मी दुकानात लेस मागणाऱ्याला चेन दिली. मंगळवारचा माझा अख्खा दिवस त्या रागात गेला, त्याबद्दल आत्ता एवढंच.

आईला मी सांगणार नव्हतो. महानंदानेही नाही. पण काल बुधवारी दुपारी दोनच्या सुमाराला रंजिता स्वतःच आली, एकटी, मेट्रोने आणि मग रिक्षाने. प्राणेशने तिला सुतकाचं सांगितलं होतं. तिने दारात चपला काढल्या, थेट आईपुढे जाऊन बसली आणि म्हणाली, आजी, अण्णांना मी मारलंय. असं सरळ. ना आढेवेढे, ना रडणं. मी मागे उभा, हातात पाण्याचा पेला, तो द्यायचा की आपणच प्यायचा हे सुचेना. आईने चष्मा काढून पुसला. मग तिने विचारलं ते भांडणाचं नव्हतंच. तिने विचारलं, बटण कुणी शिवलं? रंजिता म्हणाली, मीच शिवलं आजी, सहा वर्षं मी त्या नोकरीत आहे, मला ते बघवत नव्हतं, म्हटलं जाताना तरी लोंबू नये. आईने माझ्याकडे वळून बघितलं. (त्या नजरेचा अर्थ असा होता की आपल्या घरात बावीस वर्षं धंदा बटणांचा, पण शिवणारी आता येतेय.) आणि मग तिने विचारलं, बाई, चपला काढण्याचं तुला कसं सुचलं?

आता नीट वाचा, श्रीधरराव. रंजिता म्हणाली, सुचलं नाही, पाहिलंय. तीन वर्षांपूर्वी तुमचे वडील, ती त्यांना दादा म्हणते, फार आजारी झाले तेव्हा त्यांना कोल्हापूरला न्यायला निपाणीच्या घराशी गाडी आली. आत पांढरी स्वच्छ चादर अंथरलेली. दादांना धड उभं राहवत नव्हतं, दोघांनी धरलेलं, तरी पायरीशी थांबून ते म्हणाले, थांबा, चपला राहिल्या, आणि काढून जोडीने बाहेर ठेवल्या, दुसऱ्याच्या घरात शिरताना काढतात तशा. ते परत आले नाहीत. आणि त्या चपला तुम्ही उचलल्यात. रुमालाने पुसल्यात. कोल्हापूरच्या दवाखान्यात दुपारभर तुम्ही त्या हातात धरून उभे होतात, कुणी मागितल्या तरी दिल्या नाहीत, पिशवीत ठेवा म्हटलं तर ठेवल्या नाहीत. ती म्हणाली, मी तेव्हा बाकावर बसून बघत होते, आजी, आणि आमचे बाबा त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत, म्हणून ते मी चित्रात केलं.

श्रीधरराव, लिफ्टपुढे उभा असलेला तो सुरज तुम्ही आहात. मी रविवारी तुमच्यासाठी रडलो आणि मला माहीत नव्हतं. तुम्ही निपाणीत बसून मुलीच्या कामाची लाज वाटते म्हणून चिवडा पुढे करत होतात, आणि ती इकडे लाखो लोकांना तुमचं मन दाखवत होती, तुमचं नाव न घेता, तुमची आब सांभाळून. लाज वाटावी असं काही तुम्ही लपवलं असतंत तर मी समजू शकलो असतो. तुम्ही तर अभिमानाची गोष्ट कपाटात दडवलीत. माणसाच्या जातीला काय म्हणावं?

आईने मला देवव्रतशास्त्रींना पुन्हा फोन लावायला सांगितला. विचारलं, तीन वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाची बातमी आज कळली, तर किती दिवस? ते म्हणाले, वर्ष उलटून कळलं तर नुसती आंघोळ, अक्का. संपलं. आई म्हणाली, मग अण्णा तेव्हाच गेले, ज्यांनी सुतक धरायचं त्यांनी धरलं, आपल्याला फक्त उशिरा कळलं. आणि काल दुपारी चार वाजता या घरातल्या प्रत्येक माणसाने डोक्यावरून आंघोळ केली. मला सर्दी आहे हे सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. आई रंजितालाही न्हाणीत पाठवणार होती, पण महानंदाने मध्ये पडून हातपाय धुण्यावर भागवलं. साडेचारला घरात तीन दिवसांनी फोडणीचा आवाज झाला. परातीतल्या रव्याला पाक मिळाला. रंजिता लाडू वळायला बसली, तिचे लाडू जरा चपटे होतात, पण बोटं चित्रकाराची आहेत, सुधारतील.

जाताना आईने तिला हळू आवाजात विचारलं, पुढच्या रविवारी अण्णा येतात का? रंजिता म्हणाली, आजी, ते ऑफिसचं गुपित आहे, सांगता येत नाही. मला वाटलं आता पुन्हा बिनसलं. पण आई इतकी खूश झाली की विचारू नका. म्हणाली, ही पोरगी घरातली गोष्ट बाहेर जाऊ देणार नाही, असं माणूस मिळायला भाग्य लागतं. (पुढच्याच क्षणी आई शालनअक्कांना खिडकीतून सगळी हकिगत सांगत होती, ते सोडा.)

तर सांगायचा मुद्दा, नमनाला घडाभर तेल झालं खरं, पण मुद्दा एवढाच. रविवारचा मुहूर्त पक्का, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. साठांच्या हॉलमध्ये ऐंशी माणसं बसवायची जबाबदारी माझी. आणि लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेवर रंजिताच्या नावाखाली 'कॉम्प्युटर' छापू द्यायचं नाही, तो मजकूर मी स्वतः बघणार. तिने लग्नानंतर ही नोकरी सोडावी असं तुम्ही बोलणीत सुचवलं होतंत, ते बोलणं आम्ही ऐकलंच नाही असं समजावं. आईने ठरवलंय की ती सोडणार नाही, आणि आईने ठरवल्यावर मला 'बरं बरं' म्हणायची सवय आहेच.

वहिनींनी थंडीचे कपडे आणावेत, इथे पहाटे गारवा आहे. गुडघ्याला तेल चोळत जा. बाकी भेटीत.

तुमचा होऊ घातलेला व्याही आणि आता तुमच्या मुलीचा चाहता,
सुनीलकुमार

ता. क. : परसूच्या मोबाइलमध्ये प्राणेशने तो भाग घालून दिला आहे, बावीस मिनिटांचा आहे. परसूला आधी चहा-नाश्ता द्यावा, नाहीतर तो मध्ये मध्ये बोलतो. दार लावून एकट्याने बघा. मग रंजिताला फोन करा. मी हे पत्र लिहिलंय हे तिला माहीत नाही. काल निघताना तिने मला दारात विचारलं, काका, बाबांनी पाहिला असेल का हो? मी रिक्षा बोलवायला धावलो. रविवारी पंगतीत सर्वांसमोर नको, त्याआधी करा, आणि काही बोलायला सुचलं नाही तर नुसतं 'पाहिला' म्हणा.

आणखी एक, फार महत्त्वाचं. मंगळवारी दुपारी, वर सांगितलेल्या त्या रागाच्या दिवशी, मी तुम्हाला स्पीड पोस्टाने एक खाकी पाकीट पाठवलं आहे. त्यात दीड पानी मजकूर आहे आणि तो मी शांतपणे लिहिलेला नाही. त्यातलं 'हे लग्न होणे नाही' हे वाक्य दोनदा अधोरेखित आहे. शिवाय तुमच्या चिवड्याबद्दल जे लिहिलंय ते तर अजिबात खरं नाही. आईला, महानंदाला आणि प्राणेशला याची काहीच कल्पना नाही, आणि आपली दोघांची मैत्री असेल तर कधी होऊ नये. पाकीट बहुधा उद्या येईल. ते न उघडता रविवारी कोटाच्या आतल्या खिशात घालून आणावं आणि हॉलमध्ये हात धुवायच्या नळापाशी मला गुपचूप द्यावं. आणि परसू पोचायच्या आधीच ते आलं असेल, तुम्ही उघडून वाचलंही असेल, तर हे पत्र पुन्हा एकदा पहिल्या ओळीपासून वाचावं, ही कळकळीची विनंती.